इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबतो, तेव्हा कारण कुठे शोधावे?

नवे सॉफ्टवेअर बसवताना प्रगती दाखवणारी पट्टी जवळजवळ टोकापर्यंत जाते, क्षणभर अडखळते, मग उलट्या दिशेने मागे येते आणि ‘इन्स्टॉलेशन पूर्ण होऊ शकले नाही’ एवढेच सांगून चौकट बंद होते. यानंतर बहुतेक जण तीच फाइल पुन्हा चालवून पाहतात, तरी जमले नाही तर अँटिव्हायरस बंद करतात आणि शेवटी विंडोजची रजिस्ट्री (सेटिंगांची मध्यवर्ती नोंदवही) साफ करणारा एखादा ‘रजिस्ट्री क्लीनर’ डाउनलोड करतात. या सगळ्या खटाटोपामागे एक समजूत असते, ती म्हणजे शेवटच्या चौकटीत जे लिहिले आहे तेच बिघाडाचे कारण आहे. वास्तविक तो संदेश कारण सांगत नाही, परिणाम सांगतो. कारण त्याच्या काही सेकंद, कधी काही मिनिटे आधी घडून गेलेले असते आणि इन्स्टॉलरने दरम्यान आपल्याच खुणा पुसलेल्या असतात. म्हणून उपायांच्या मागे लागण्याआधी काम नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले, हे शोधणे जास्त फायद्याचे ठरते. या लेखातील विवेचन मुख्यतः विंडोजविषयी आहे. मॅक आणि लिनक्सचा उल्लेख शेवटी येईल.

टप्पा शोधण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे. हा एकच इन्स्टॉलर अडतो आहे, की कोणताही नवा प्रोग्रॅम बसत नाही? दुसरा एखादा साधा, लहान प्रोग्रॅम बसवून पाहिला की याचे उत्तर मिळते. एकच अडत असेल, तर दोष बहुधा त्या फाइलमध्ये, तिला लागणाऱ्या पूरक घटकांमध्ये किंवा तिच्या जुन्या आवृत्तीच्या अवशेषांमध्ये असतो. सगळेच अडत असतील, तर विंडोजची इन्स्टॉलेशनची यंत्रणा, परवानग्या किंवा डिस्क यांच्याकडे पाहावे लागते. या दोन वाटा इतक्या वेगळ्या आहेत की एकीचे उपाय दुसरीवर करण्यात बराच वेळ वाया जातो.

इन्स्टॉलर प्रत्यक्षात काय करतो

इन्स्टॉलर म्हणजे फायली एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारा प्रोग्रॅम, असे वरवर वाटते. पण फायलींची नक्कल हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. तो आधी आपल्या पोटातील दाबून भरलेल्या फायली तात्पुरत्या फोल्डरमध्ये मोकळ्या करतो, विंडोजची आवृत्ती आणि डिस्कवरील जागा तपासतो, लागणारे पूरक घटक आहेत की नाहीत ते पाहतो, वाढीव अधिकार मागतो, चालू असलेल्या सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) थांबवतो, फायली त्यांच्या कायमच्या जागी ठेवतो, रजिस्ट्रीत नोंदी करतो, नव्या सेवा सुरू करतो आणि पुढे कधी तो प्रोग्रॅम काढून टाकायचा झाल्यास लागणारी माहितीही साठवून ठेवतो. यांपैकी कोणतीही पायरी चुकू शकते, आणि ती कोणतीही असली तरी वापरकर्त्याला दिसणारा शेवट सारखाच असतो.

विंडोजवर मुख्यतः दोन प्रकारच्या इन्स्टॉलेशन फायली भेटतात. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एमएसआय’ असते ती स्वतः प्रोग्रॅम नसते. ती एक डेटाबेस असते, आणि कोणती फाइल कुठे जाणार, रजिस्ट्रीत कोणती नोंद होणार, याचे तक्ते तिच्यात असतात. ते तक्ते वाचून प्रत्यक्ष काम करणारी यंत्रणा म्हणजे ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सेवा, जी पहिल्यांदा ऑफिस २००० बरोबर आली. दुसरा प्रकार ‘ईएक्सई’ फायलींचा. त्या मात्र स्वतंत्र प्रोग्रॅम असतात आणि इनो सेटअप, एनएसआयएस, इन्स्टॉलशील्ड अशा साधनांनी तयार केलेल्या असतात. पुष्कळदा त्यांच्या आतही एखादी एमएसआय फाइल दडलेली असते. हा फरक लक्षात ठेवण्याचे कारण एवढेच, की त्रुटीच्या क्रमांकाचा अर्थ काय आणि कामाची नोंद कुठे सापडेल, हे त्यावर ठरते.

विंडोज इन्स्टॉलरची एक गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. तो काम दोन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत तो संगणकात जवळपास काहीही न बदलता फक्त कोणती कृती कोणत्या क्रमाने करायची याची यादी तयार करतो, आणि दुसऱ्या फेरीत ती यादी अमलात आणतो. या दुसऱ्या फेरीत एखादी जुनी फाइल बदलायची किंवा काढायची असेल, तर तिची मूळ प्रत आधी एका लपलेल्या फोल्डरमध्ये राखून ठेवली जाते. मध्येच एखादी कृती फसली, की तोवर केलेले सगळे बदल उलट्या क्रमाने मागे घेतले जातात. याला ‘रोलबॅक’ म्हणतात, आणि पट्टी मागे सरकताना आपण पाहतो ती हीच प्रक्रिया. अर्धवट बसलेला प्रोग्रॅम संगणकात राहू नये, यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पण तिचा एक तोटाही आहे. चौकट दिसेपर्यंत घटनास्थळ झाडून स्वच्छ झालेले असते, आणि काय घडले हे सांगणारा बहुतेकदा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे लॉग, अर्थात इन्स्टॉलरने ठेवलेली कामाची नोंद. त्याच्याकडे पुढे येऊ.

सुरुवातच होत नाही तेव्हा

फाइलवर दोनदा क्लिक करूनही काहीच घडत नाही, किंवा ‘हे ॲप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही’ अशा आशयाचा संदेश लगेच येतो, तेव्हा इन्स्टॉलरच्या आतल्या भानगडीत शिरण्याची गरज नसते, कारण तो सुरूच झालेला नसतो. अशा वेळी सर्वांत आधी डाउनलोड पूर्ण झाले आहे का ते पाहावे. फाइलचा आकार निर्मात्याने दिलेल्या आकाराशी जुळवणे हा ढोबळ उपाय आहे; खरी खात्री होते ती ‘शा-२५६’ या हॅशने. हा हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून काढलेली ६४ अक्षरांची एक खूण असते, आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती खूण पूर्णपणे बदलते. ती काढण्याची सोय विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने आणि पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेने मिळते. निर्मात्याने हॅश दिला असेल, तर ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि ती टाळण्यासारखे काही कारण मला दिसत नाही.

झिप फाइलच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. झिप उघडून तिच्या आतल्या आतच सेटअपवर दोनदा क्लिक केले, तर विंडोज फक्त तेवढी एक फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढते; तिच्या शेजारच्या फायली झिपमध्येच राहतात. मग सेटअप सुरू होतो, पण शेजारी असायला हवी ती फाइल त्याला सापडत नाही, आणि तो ‘फाइल मिळाली नाही’ म्हणून थांबतो. आधी संपूर्ण झिप एखाद्या साध्या फोल्डरमध्ये मोकळी करावी आणि मगच सेटअप चालवावा.

त्यानंतरचा प्रश्न प्रोसेसरच्या जातीचा. ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाही. याउलट ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर साधारणपणे चालतो. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच आहे. एआरएम प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर ड्रायव्हरसारखे सॉफ्टवेअर बसवायचे असेल, तर ते त्या प्रोसेसरसाठीच बनवलेले असावे लागते. १९९०च्या दशकातल्या सीडींचा अडथळा आणखी विचित्र असतो. प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचा असतो, पण त्याचा इन्स्टॉलर मात्र १६ बिटचा असतो, आणि ६४ बिटचे विंडोज १६ बिटचा प्रोग्रॅम चालवतच नाही. अशा ठिकाणी ‘कंपॅटिबिलिटी मोड’चे सगळे पर्याय आलटून पालटून पाहण्याने काही साधत नाही.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण चिकटवते आणि त्या खुणेवरून स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या सुरक्षा-तपासणीची निळी चौकट उभी राहते. ही चौकट फाइलमध्ये व्हायरस आहे असे सांगत नसते. ही फाइल आपल्याला फारशी परिचित नाही, एवढेच तिला म्हणायचे असते. त्यामुळे छोट्या निर्मात्याच्या किंवा कालच प्रसिद्ध झालेल्या प्रोग्रॅमलाही ती अडवते. अशा वेळी फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन डिजिटल स्वाक्षरी पाहावी. स्वाक्षरी वैध असेल, निर्माता ओळखीचा असेल आणि फाइल त्याच्याच संकेतस्थळावरून घेतलेली असेल, तर तिथेच ‘अनब्लॉक’चा पर्याय निवडून पुढे जायला हरकत नाही. स्वाक्षरी आहे पण ती अवैध ठरते आहे, असे दिसले तर मात्र तिथेच थांबावे. कारण स्वाक्षरी केल्यानंतर फाइल बदलली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

परवानगी कोणाची?

‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरही आहे. पण तो पुरेसा का ठरत नाही, हे क्वचितच कोणी सांगते. विंडोज व्हिस्टापासून ‘यूएसी’ नावाची व्यवस्था आली. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातूनही रोजचे प्रोग्रॅम मर्यादित अधिकारांनीच चालतात आणि वाढीव अधिकार लागले की ती प्रसिद्ध चौकट परवानगी विचारते. गंमत अशी, की जुन्या ३२ बिटच्या इन्स्टॉलरना हे अधिकार मागताच येत नव्हते, म्हणून विंडोज इतर काही खुणांबरोबर फाइलच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’ किंवा ‘अपडेट’ हे इंग्रजी शब्द आहेत का तेही पाहते आणि त्यावरून हा इन्स्टॉलर असावा असा अंदाज बांधते. अशा फाइलला कुणी भलतेच नाव दिले, तर परवानगीची चौकट न येताच काम सुरू होऊन पुढे अडू शकते.

खरी मेख पुढे आहे. एमएसआयचे प्रत्यक्ष काम करणारी सेवा तुमच्या नावाने चालत नाही. ती ‘सिस्टीम’ नावाच्या अंतर्गत खात्यातून चालते. त्यामुळे एखाद्या फोल्डरवर तुम्हाला पूर्ण हक्क असले तरी ‘सिस्टीम’ला नसतील, तर इन्स्टॉलेशन फसते. फोल्डर विंडोजच्या सोयीने एन्क्रिप्ट केलेले असेल, किंवा ज्या ड्राइव्हचे अक्षर दिसते आहे तो खरा ड्राइव्ह नसून दुसऱ्या फोल्डरला दिलेले पर्यायी नाव असेल, तरी हेच घडते. नेटवर्कवरील ड्राइव्हचेही तसेच. तुम्हाला दिसणारे त्याचे अक्षर वाढीव अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रॅमला दिसेलच असे नाही. म्हणून पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कवरून सेटअप थेट चालवण्यापेक्षा तो आधी स्वतःच्या डिस्कवर, सी ड्राइव्हमध्ये एक लहान नावाचे फोल्डर करून तिथे ठेवावा. उपाय अगदी क्षुल्लक वाटतो, पण तो बऱ्याच तक्रारी मिटवतो.

एमएसआय फाइलवर उजवे क्लिक केल्यावर ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ हा पर्याय साधारणपणे दिसत नाही. तेव्हा कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तिथून ती फाइल चालवावी.

वापरकर्त्याचे नाव हीसुद्धा एक अडचण ठरू शकते. तात्पुरते फोल्डर वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये असते, आणि ते नाव देवनागरीत किंवा अन्य बिगररोमन लिपीत असेल, तर युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत) न समजणाऱ्या जुन्या इन्स्टॉलरला तो पत्ताच वाचता येत नाही. खात्याचे दिसणारे नाव नंतर बदलले तरी डिस्कवरील फोल्डरचे नाव बदलत नाही, त्यामुळे तो उपाय फसवा आहे. रोमन अक्षरांतील नावाने दुसरे ॲडमिनिस्ट्रेटर खाते तयार करून तिथून इन्स्टॉल करणे सोपे पडते. हाच प्रयोग मूळ खात्यात काही बिघडले आहे का, याचीही चाचणी ठरतो.

कार्यालयाच्या संगणकावर १६२५ हा क्रमांक दिसला, तर धोरणानेच मनाई केलेली आहे. तिथे तांत्रिक उपाय शोधू नये; संगणक विभागाकडे विनंती करावी.

थांबणे आणि रीस्टार्ट करणे

१६१८ या क्रमांकाचा अर्थ ‘दुसरे इन्स्टॉलेशन चालू आहे’ असा आहे. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकाच कामाला प्रत्यक्ष बदल करू देतो. पडद्यावर काहीच दिसत नसले तरी मागे विंडोज अपडेट किंवा एखाद्या प्रोग्रॅमचा स्वयंचलित अपडेटर काम करत असू शकतो. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहणे हा यावरचा पहिला उपाय, आणि रीस्टार्ट हा दुसरा. टास्क मॅनेजरमधून ती प्रक्रिया जबरदस्तीने बंद करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो मला पटत नाही, कारण ती प्रक्रिया त्या क्षणी कोणाच्या फायली बदलत आहे हे आपल्याला माहीत नसते.

रीस्टार्टविषयी एक बारकावा आहे. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्णपणे बंद होत नाही. विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जतन होते आणि संगणक पुन्हा चालू केल्यावर तिथूनच पुढे सुरू होते. म्हणजे ‘मी संगणक बंद करून चालू केला, तरी तेच’ असे म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात विंडोज नव्याने सुरू केलेलेच नसते. ‘रीस्टार्ट’ हा पर्याय मात्र खरोखर नव्याने सुरुवात करतो. हे महत्त्वाचे आहे, कारण वापरात असलेल्या फायली बदलायच्या असतील तर विंडोज तो बदल पुढच्या सुरुवातीसाठी राखून ठेवते, आणि तो झाल्याशिवाय अनेक इन्स्टॉलर पुढे जायला नकार देतात. याच्याशी जोडलेला ३०१० हा क्रमांक पाहून तर घाबरण्याचे काहीच कारण नाही. इन्स्टॉलेशन यशस्वी झाले आहे, फक्त रीस्टार्ट बाकी आहे, एवढेच तो सांगतो.

१६०३ आणि लॉगचे वाचन

सर्वांत जास्त वेळा दिसणारा आणि सर्वांत कमी सांगणारा क्रमांक म्हणजे १६०३. ‘इन्स्टॉलेशनच्या दरम्यान घातक त्रुटी’ हा त्याचा अधिकृत अर्थ. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहावे, तसे हे आहे. खोटे नाही, पण त्यावरून कोणालाच काही कळत नाही. १६०३ वर रामबाण म्हणून सांगितला जाणारा कोणताही उपाय त्यामुळे संशयानेच पाहावा. एकाला जो लागू पडला तो दुसऱ्याला पडेलच असे नाही, कारण दोघांचा क्रमांक एक असला तरी कारणे वेगळी असू शकतात.

हाच क्रमांक कधी कधी वेश बदलून येतो. शून्य आणि एक्सने सुरू होणारे लांबलचक सोळा-आधारी क्रमांक अनेकांना गूढ वाटतात. पण त्यांची सुरुवात ८००७ने होत असेल, तर शेवटचे चार अंक साध्या दशमान पद्धतीत बदलले की विंडोजचा नेहमीचा त्रुटी क्रमांक मिळतो. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमधील ‘प्रोग्रॅमर’ पर्यायात हे रूपांतर होते. ८००७०६४३ मधील ०६४३ म्हणजे दशमान १६०३. ८००७०००५ म्हणजे ५, अर्थात परवानगी नाकारली. ८००७००७० म्हणजे ११२, अर्थात डिस्क भरली.

कारण कळण्यासाठी लॉग हवा, आणि एमएसआयचा सविस्तर लॉग मुद्दाम मागावा लागतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एमएसआयएक्झेक’ ही आज्ञा, मग स्लॅश आणि आय, त्यानंतर फाइलचे नाव, पुढे स्लॅश, एल, तारांकन आणि व्ही ही अक्षरे सलग, आणि शेवटी लॉग ज्या फाइलमध्ये हवा तिचे नाव, असे लिहून तेच इन्स्टॉलेशन पुन्हा चालवावे. तयार होणारी फाइल हजारो ओळींची असू शकते. ती पहिल्या ओळीपासून वाचायची नसते, आणि शेवटून वाचण्यातही अर्थ नसतो, कारण शेवटी असते ते रोलबॅकचे वर्णन. तिच्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे इंग्रजी शब्द शोधावेत. फसलेली कृती या शब्दांनी नोंदली जाते. पहिल्यांदा ते जिथे सापडतील, त्याच्या वरच्या वीस-पंचवीस ओळींत खरे कारण असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

तिथे काय सापडेल? १३०४ दिसला, तर एखादी फाइल लिहिता आली नाही. १३३५ म्हणजे पॅकेजमधील दाबलेली फाइल खराब आहे, तेव्हा डाउनलोड नव्याने करावे. १७२२ म्हणजे इन्स्टॉलरच्या लेखकाने जोडलेला एखादा स्वतंत्र प्रोग्रॅम फसला. अशा वेळी दोष विंडोजचा नसून त्या पॅकेजचाही असू शकतो. १९२० हा क्रमांक मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ‘सेवा सुरू होऊ शकली नाही, सेवा सुरू करण्याचे पुरेसे अधिकार तुम्हाला आहेत का ते तपासा’ असे तो म्हणतो. वाचणारा अर्थातच अधिकारांच्या मागे लागतो. पण एखादा डेटाबेस बसवताना हा संदेश आला असेल, तर त्या डेटाबेसला लागणारा पोर्ट (नेटवर्कवरील संपर्काचा क्रमांक) दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच धरून ठेवलेला असू शकतो, किंवा सेवेला लागणारी एखादी लायब्ररी (तयार कोडची पूरक फाइल) नसल्याने ती सुरू होताच कोसळत असू शकते. अधिकारांचा इथे काही संबंध नसतो. इन्स्टॉलरला एवढेच कळते की सेवा वेळेत सुरू झाली नाही, आणि तो आपला ठरावीक संदेश पुढे करतो. अशा वेळी लॉगमधील ती वेळ टिपून ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये त्याच मिनिटाच्या नोंदी पाहाव्यात. तिथे त्या सेवेने स्वतः काय तक्रार केली आहे ते अनेकदा सापडते. ‘ॲप्लिकेशन’ विभागातील ‘एमएसआयइन्स्टॉलर’ या नावाच्या नोंदीही पाहण्यासारख्या असतात.

ईएक्सई प्रकारच्या इन्स्टॉलरचा लॉग, तयार झाला असेल तर, बहुधा तात्पुरत्या फोल्डरमध्ये असतो. ते फोल्डर उघडून फायली तारखेनुसार लावल्या की ताज्या मजकुराच्या फायली वर येतात. इनो सेटअपने बनवलेल्या इन्स्टॉलरला स्लॅश आणि लॉग हा शब्द जोडून चालवले की तो नोंद ठेवतो.

पूरक घटक आणि जुने अवशेष

अनेक प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या पूरक लायब्ररींवर किंवा डॉटनेट या तिच्याच प्रोग्रॅम चालवण्याच्या यंत्रणेवर उभे असतात. बसवलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत या लायब्ररींच्या २००८, २०१०, २०१३ अशा अनेक आवृत्त्या दिसतात आणि त्या कचरा समजून काढून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. या प्रत्येक आवृत्तीवर वेगळे प्रोग्रॅम अवलंबून असतात. एक दुसरीची जागा घेत नाही. २०१५ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या मात्र एकाच कुटुंबातल्या असून नवी जुनीच्या जागी बसते. यातूनच एक गमतीदार बिघाड होतो. संगणकावर नवी आवृत्ती असताना इन्स्टॉलर जुनी बसवू पाहतो, त्याला ‘दुसरी आवृत्ती आधीच आहे’ असे सांगणारा १६३८ हा क्रमांक मिळतो, आणि निष्काळजीपणे लिहिलेला इन्स्टॉलर हे अपयश समजून सगळेच काम मागे घेतो. जुन्या प्रोग्रॅमना लागणारे डॉटनेट ३.५ हे विंडोज १० आणि ११मध्ये ऐच्छिक घटक म्हणून असते. ते ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करावे लागते आणि त्यासाठी साधारणपणे इंटरनेट लागते.

जुन्या आवृत्तीचे अवशेष हा याहून चिवट प्रकार. नवी आवृत्ती बसवताना जुनी आधी काढावी लागते, आणि ती काढण्याची माहिती विंडोजच्या फोल्डरमधील ‘इन्स्टॉलर’ या लपलेल्या फोल्डरात साठवलेल्या एमएसआय फाइलमध्ये असते. हे फोल्डर कित्येक गिगाबाइट वाढते, आणि जागा मोकळी करण्याच्या नादात लोक ते रिकामे करतात. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. काही महिन्यांनी अपडेट आला की १६१२ किंवा १७१४ अशा क्रमांकांनी अडथळे सुरू होतात आणि तेव्हा त्या सफाईची कोणाला आठवणही नसते. ज्या आवृत्तीचा प्रोग्रॅम संगणकावर आहे, नेमका त्याच आवृत्तीचा मूळ इन्स्टॉलर मिळवून तो दुरुस्तीसाठी चालवणे हा यावरचा उत्तम उपाय. तो मिळत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉलच्या अडचणी सोडवणारा ट्रबलशूटर वापरावा; बिघडलेल्या नोंदी तो नेमक्या त्या प्रोग्रॅमपुरत्या काढतो. रजिस्ट्री क्लीनरला ही नेमकेपणाची जाण नसते. मायक्रोसॉफ्टनेच पूर्वी दिलेले ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी’ हे साधन इतर प्रोग्रॅमचे नुकसान करू शकते म्हणून २०१० मध्ये मागे घेण्यात आले होते.

अँटिव्हायरसविषयी थोडक्यात. तो खरोखर आड आला असेल, तर त्याच्या इतिहासात तशी नोंद असते. नोंद नसताना तो बंद करणे म्हणजे अंधारात केलेला प्रयोग होय. नोंद असली, तरी फाइलची स्वाक्षरी तपासून तेवढ्याच फाइलला सूट द्यावी. विंडोज डिफेंडरमधील ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहिता येत नाही, आणि केवळ डेस्कटॉपवरचा शॉर्टकट तयार न झाल्यामुळे इन्स्टॉलर अडू शकतो. डिस्कवर जागा किती हवी याचा हिशेब करताना मोकळ्या केलेल्या फायली, बसवलेल्या फायली आणि रोलबॅकसाठीच्या जुन्या प्रती, या तिन्ही धराव्यात. तात्पुरते फोल्डर सी ड्राइव्हवर असते, त्यामुळे प्रोग्रॅम डी ड्राइव्हवर बसवला तरी सी वर जागा लागतेच.

कोणताच प्रोग्रॅम बसत नसेल, तर विंडोजच्या मूळ फायली तपासणे योग्य ठरते. विंडोज १० आणि ११वर आधी ‘डिझम’ या साधनाने दुरुस्तीचा साठा नीट करून घ्यावा आणि मग ‘एसएफसी’ चालवावे, कारण एसएफसी दुरुस्तीसाठी त्याच साठ्यातून फायली घेते. एकाच प्रोग्रॅमची तक्रार असताना मात्र याचा उपयोग क्वचितच होतो.

मॅकवर गेटकीपर हा स्मार्टस्क्रीनच्या जागी असतो, आणि इन्स्टॉलर चालू असताना ‘विंडो’ मेनूमधून त्याचा लॉग उघडता येतो. डेबियन किंवा उबुंटूसारख्या लिनक्सवर १६१८ चा भाऊ भेटतो, तो म्हणजे ‘डीपीकेजी’ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाचे कुलूप मिळाले नाही असे सांगणारा संदेश. कुलपाची फाइल हाताने पुसण्याचा सल्ला तिथेही दिला जातो आणि तिथेही तो टाळावा. मागे चालू असलेले अपडेट संपू द्यावे.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर निर्मात्याकडे मदत मागताना त्रुटीचा पूर्ण क्रमांक, विंडोजची नेमकी आवृत्ती, प्रोसेसरची जात, आधीची आवृत्ती होती की नाही आणि संपूर्ण लॉग द्यावा. फक्त शेवटच्या चौकटीचा फोटो पुरत नाही. लॉगमध्ये वापरकर्त्याचे नाव, संगणकाचे नाव, फोल्डरचे पत्ते आणि कधी कधी परवान्याची किल्लीही उघडी पडलेली असते, म्हणून तो सार्वजनिक ठिकाणी टाकण्याआधी एकदा नजरेखालून घालावा. तोवर काय काय करून पाहिले, तेही क्रमाने लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिलेली असेल, तर ही यादी लिहिणेही सोपे जाते आणि वाचणाऱ्याला त्यातून निष्कर्षही काढता येतो.